पाच वाजेपर्यंत एक गिऱ्हाईक

थोरल्या काकांनी ठरवूनच ठेवलं होतं की बातमी केक कापून झाल्यावर सांगायची. आधी सांगितली तर जेवणाचा विचका होईल, आणि फार उशिरा सांगितली तर सगळे चपला घालून दारात उभे असतील. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळ साधायला कोणी शिकवायला नको.

त्या शनिवारी आबांना शहाऐंशी पूर्ण झाली. काकांच्या बैठकीच्या खोलीत दोन टेबलं जोडून मांडली होती. एक दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच, त्यामुळे ज्याची बशी मधोमध आली त्याला सगळं जेवण उतारावर जेवावं लागलं. आबांनी सुरी धरली तेव्हा हात कापत होता, पण केकवर टेकताच तो स्थिर झाला आणि पहिला तुकडा पट्टीने आखल्यासारखा सरळ निघाला. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला हात होता तो.

"एक चांगली बातमी आहे," काका म्हणाले, आणि धाकट्या भावाच्या मुलीकडे वळले. "बिट्टी, तुझ्यासाठी."

बिट्टी एकतीस वर्षांची होती. घरात हे नाव आता कोणी बदलेल अशी आशा तिने सोडून दिली होती.

"खोकी बनवणारा तो मोठा कारखाना आहे ना, त्याचा मालक माझा बँकेपासूनचा ओळखीचा. त्याच्याकडे डिझाइनची जागा निघालीय. मुलाखतबिलाखत काही नाही. मी शब्द टाकलाय. सोमवारी सकाळी दहाला नुसतं जाऊन हजर व्हायचं."

काकूंनी टाळी वाजवायला हात उचलले आणि कोणीच वाजवत नाही हे पाहून त्याच हातांनी टेबलावरचे कण गोळा केले.

दोन वर्षांपूर्वी बिट्टीने नोकरी सोडून स्वतःचं डिझाइनचं काम सुरू केलं होतं. एका बूट कंपनीने तिला इतकं काम दिलं की दुसरं गिऱ्हाईक शोधायची वेळच आली नाही. मग आठ महिन्यांपूर्वी त्या कंपनीने स्वतःची माणसं ठेवली आणि एका आभाराच्या पत्रावर सगळं संपलं. तेव्हापासून एक लग्नपत्रिका आणि शेजारच्या गाण्याच्या क्लासचं माहितीपत्रक, एवढंच काय ते हाती आलं होतं.

"दादा," बिट्टीचे बाबा हळूच म्हणाले, "मला तरी आधी विचारायचंस."

काकांनी मान वळवली. ते बिट्टीच्या आईकडे पाहत होते. आई बशीवर बशी रचत होती. चौथी बशी ठेवून ती म्हणाली, "भाऊजींना मीच सांगितलं होतं. कुठे काही असेल तर बघा म्हणून."

"तू?" बाबांनी चमचा खाली ठेवला.

"हो, मी."

"आई, मला सांगायचंस ना," बिट्टी म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू खोलीचं दार लावून घेतलं असतंस. आता निदान सगळ्यांसमोर बसली आहेस."

आता टेबलाच्या एका बाजूला आई आणि काका, दुसऱ्या बाजूला एकटे बाबा, आणि बिट्टी नेमकी त्या उंच-सखल सांध्यावर. आत्याने हे सगळं खुर्चीत मागे रेलून पाहिलं. ती काकांपेक्षा धाकटी, बाबांपेक्षा मोठी. भावांच्या मधे बसायची तिला जन्मापासून सवय होती. बावीस वर्षं तिने घरोघरी जाऊन शिलाई मशिनं विकली होती.

"बिट्टी, आठ महिन्यांत काय काय केलंस?" तिने विचारलं.

"त्रेसष्ट कंपन्यांना ईमेल पाठवले."

"उत्तरं?"

"चार. त्यातलं एक 'मी सुट्टीवर आहे' असं आपोआप आलेलं."

"एखादं वाचून दाखव."

बिट्टीने फोन काढला. नको वाटत होतं, पण आत्याला नाही म्हणणारा माणूस या घरात अजून जन्मायचा होता. "'नमस्कार. मी गेली नऊ वर्षं डिझाइनच्या क्षेत्रात आहे. मी अनेक नामवंत…'" ती वाचत गेली. आत्या बोटांवर मोजत गेली.

"अकरा वेळा मी," वाचून झाल्यावर आत्या म्हणाली. "आणि तो बिचारा एकदाही नाही."

"कोण तो?"

"ज्याला पत्र लिहिलंस तो."

डोळे मिटून बसलेले आबा झोपलेत असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "कुणाला लिहिलंय हे पत्र?"

"कुणालाही पाठवता येतं, आबा. वरचं नाव फक्त बदलायचं."

"मग ते कुणालाच लिहिलेलं नाही."

बाबांना हसू आलं आणि ते त्यांनी पाण्याच्या पेल्यात लपवलं.

"पाटी रंगवायची का, असं विचारलं की माणूस नको म्हणतो," आबा म्हणाले. आता त्यांचे डोळे उघडे होते. "मी आधी दुकानासमोरच्या फुटपाथवर उभा राहायचो. अर्धा तास, एक तास. लोक कुठे अडखळतात, काय शोधत पुढे निघून जातात, ते बघायचं. मग आत जाऊन दुकानदाराला तेवढंच सांगायचं. रंगाचं नाव काढायचं नाही. ते तोच काढायचा."

"आबा, तो काळ वेगळा होता," काका म्हणाले.

"अडखळायला काळ लागत नाही, पाय लागतात," आत्या म्हणाली. "दादा, पैज लाव. आत्ता दोन वाजलेत. मी हिला घेऊन बाजारात जाते. पाच वाजेपर्यंत एक गिऱ्हाईक मिळालं, तर त्या खोकेवाल्याला नकार तू स्वतः कळवायचास."

"आणि नाही मिळालं तर?"

आत्या तोंड उघडणार तोच बिट्टी म्हणाली, "तर सोमवारी दहाला मी जाईन. पुन्हा विषय काढणार नाही."

आईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"गिऱ्हाईक म्हणजे खरं गिऱ्हाईक," काकांनी अटी घालायला सुरुवात केली. "ओळखीपाळखीतलं नाही, दयेपोटी दिलेलं नाही, फुकटातलं नाही. मी सोबत येणार."

"ये की. गुडघ्याला विचारलंस का?"

"गुडघ्याचं माझं मी बघतो," काका म्हणाले आणि छत्रीच्या आधाराने उठले. बाहेर लख्ख ऊन होतं, पण काठी वापरायची त्यांची अजून तयारी नव्हती.

*

चष्म्याच्या दुकानात बिट्टी पहिली शिरली. आत्या दाराशीच थांबली. काका पंच असल्यामुळे काचेच्या कपाटापाशी, दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर.

"नमस्कार," बिट्टी म्हणाली. "मी गेली नऊ वर्षं…"

"कॅलेंडर नकोत," चष्मेवाला मान वर न करता म्हणाला.

"कॅलेंडर नाहीत. मी डिझायनर…"

"डायऱ्याही नकोत."

बाहेर आल्यावर आत्या मागे न बघता चालू लागली. बिट्टीला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढे दोन गल्ल्या सोडून झाडांची रोपं विकणारा होता. आबांचं ऐकून बिट्टी या वेळी आधी समोर उभी राहिली. दुकानाची पाटी वेलाखाली गडप झाली होती, आणि जेवढी दिसत होती तेवढ्यात पिवळ्यावर पांढरी अक्षरं होती. दोन बायका दुकान शोधत पुढे जाऊन परत आल्या. बिट्टीला हुरूप आला. ती आत गेली आणि म्हणाली, "तुमची पाटी कोणालाच दिसत नाही. रंगही चुकलेत आणि अक्षरंसुद्धा बेढब आहेत."

रोपवाल्याने झारी खाली ठेवली. "माझ्या मेव्हण्याने रंगवलीय."

"हो का. छान आहे तशी."

"तो पुढच्या आठवड्यात उरलेली भिंत रंगवायला येतोय."

 काकांना ते असह्य झालं आणि त्यांनी भिडेपोटी एक निवडुंग विकत घेतला. रस्त्यावर आल्यावर तो कसा धरायचा हे त्यांना कळेना. छत्री एका हातात, काटे दुसऱ्या.

"आज गिऱ्हाईक मिळालंय खरं," आत्या म्हणाली, "पण त्या रोपवाल्याला."

बिट्टीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. आत्या तिच्याशेजारी बसली.

"पहिल्या दुकानात तू स्वतःबद्दल बोललीस," आत्या म्हणाली. "दुसऱ्यात त्याच्या मेव्हण्याबद्दल. गिऱ्हाइकाबद्दल अजून बोलायचंच राहिलंय."

"मला जमत नाही गं आत्या. काम जमतं. मागायला जमत नाही."

"मला कुठे जमत होतं? पहिले तीन आठवडे एक मशीन खपलं नव्हतं. एका इमारतीच्या जिन्यात बसून रडले होते. खालच्या मजल्यावरच्या बाईने पाणी आणून दिलं. तिच्या मुलाची चड्डी मागे फाटलेली दिसली, म्हणून म्हटलं आणा, शिवून देते. नमुन्याचं मशीन होतंच सोबत. शिवून झाल्यावर तीच म्हणाली, केवढ्याला आहे हे?" आत्याने आवाज उतरवला. "रडल्याचं दादाला माहीत नाही."

"नव्हतं माहीत," मागून काका म्हणाले. ते तिथेच उभे होते, कुंडी छातीशी धरून. मग म्हणाले, "तेव्हा मी तुला म्हणायचो, तुझी मजा आहे, दिवसभर भटकायचं."

"म्हणायचास."

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "पावणेचार झालेत. चला."

*

गुडघा खरं तर रोपवाल्यापासूनच ठणकत होता, पण काका सांगणार नव्हते. चौकातली चार मजली इमारत दिसली तेव्हा मात्र ते म्हणाले, "इथे दहा मिनिटं टेकू या. माझा व्यायामवाला डॉक्टर इथेच असतो. आत बाकं आहेत."

इमारतीत सात डॉक्टर होते. तीन महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी काका इथे गुडघ्याच्या व्यायामाला येत होते. आणि दर मंगळवारी आणि शुक्रवारी दारातून आत आल्यावर ते एक क्षण थबकत, तसे आत्ताही थबकले. समोर दोन लिफ्ट होत्या. एक पुढच्या भागाची, एक मागच्या.

"काका, हलू नका," बिट्टी म्हणाली. "आत आल्या आल्या तुम्ही कुठे बघितलंत?"

"कुठे म्हणजे?"

"नजर आधी कुठे गेली?"

काकांनी विचार केला. कोणी त्यांना असं काही बऱ्याच वर्षांत विचारलं नव्हतं. "त्या पाटीकडे. डॉक्टरांच्या नावांच्या."

भिंतीवर काळ्या दगडात सात नावं कोरली होती. प्रत्येक नावामागे पदव्यांची शेपटी, आणि सगळं बारीक अक्षरांत.

"मग?"

"मग काय, नावं वाचतो. पण मला नाव नको असतं ना. मला गुडघा हवा असतो."

बिट्टीने पिशवीतून वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मग ती बाकावर बसली आणि बघायला लागली. आत्याने काकांच्या हातातून कुंडी घेऊन बाकाखाली सरकवली.

माणसं येत होती, थबकत होती, दगडाकडे बघत होती आणि टेबलामागच्या बाईंकडे वळत होती. बाई वर न बघता एका सुरात सांगत होत्या, "रक्त मागे, लहान मुलं एक, दात दोन, डोळे तीन." गाल सुजलेला एक माणूस रक्त तपासणीच्या रांगेत इमानेइतबारे उभा होता. एक आजीबाई डाव्या लिफ्टने वर गेल्या आणि उजव्या लिफ्टने खाली आल्या. काका हे सगळं पाहत होते आणि त्यांना एक विचित्र समाधान वाटत होतं. तीन महिने त्यांना वाटत होतं की आपलंच वय झालं.

अर्ध्या तासाने बिट्टी टेबलापाशी गेली. "हे दिवसातून किती वेळा सांगावं लागतं तुम्हाला?"

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "मोजलं असतं तर वेड लागलं असतं. परवा झोपेतसुद्धा दात दोन, डोळे तीन म्हणाले. आमचे हे घाबरून उठले."

"इमारतीचं इथे कोण बघतं?"

"दातांच्या बाई. बोलावू? आता त्यांचा पेशंट आलेला नाही, मोकळ्याच आहेत."

दातांच्या डॉक्टर खाली आल्या त्या हातमोजे काढतच. उंच, घाईतल्या. "काही विकायचंय का?"

बिट्टीच्या तोंडात 'मी' आला होता. तिने तो गिळला. "नाही. एक सांगायचंय. तुमचा पेशंट आलेला आहे. गाल सुजलाय त्यांचा. वीस मिनिटं ते रक्ताच्या रांगेत उभे आहेत."

डॉक्टरांनी वळून पाहिलं. "अहो, तुम्ही? वर या ना. मला वाटलं तुम्ही घाबरून आलाच नाहीत."

"अर्ध्या तासात एकेचाळीस माणसं आली," बिट्टी वहीत बघत म्हणाली. "सव्वीसजणांनी टेबलावर विचारलं. नऊजण न विचारता गेले आणि चुकले."

"आणि दहावा मी," काका उठले. छत्री त्यांनी बाकावरच ठेवली. "डॉक्टर, तीन महिने येतोय मी. निम्म्या वेळा प्रसूतीच्या मजल्यावर उतरतो. तिथल्या नर्स आता मला नावाने ओळखतात. एकीने तर परवा विचारलं, सूनबाई कशा आहेत. मला सूनच नाही."

बाकांवरची माणसं हसली. टेबलामागच्या बाई सगळ्यात जास्त. डॉक्टरही हसल्या, आणि हसत असतानाच त्यांनी त्या काळ्या दगडाकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं.

"केवढा महाग दगड आहे तो," त्या म्हणाल्या.

"दगड चांगलाच आहे. राहू दे," बिट्टी म्हणाली. मेव्हणा तिच्या लक्षात होता. "नावंही राहू देत. फक्त माणूस आत येताना नाव घेऊन येत नाही, दुखणं घेऊन येतो. त्याला आधी त्याचं दुखणं दिसू दे." तिने वही वळवून धरली. पेन्सिलने काढलेला मोठा दात, मोठा डोळा, वाकवलेला गुडघा, आणि प्रत्येकापासून लिफ्टपर्यंत जाणारा जमिनीवरचा एकेक पट्टा. "एकेका रंगाचा पट्टा. त्यावरून चालत राहायचं."

डॉक्टरांनी वही हातात घेतली. बराच वेळ पाहिली. "हे तुम्ही करता? म्हणजे हे तुमचं कामच आहे?"

"हो."

"किती घ्याल?"

बिट्टीने आकडा सांगितला आणि तिथेच थांबली. पुढे 'पण कमी-जास्त करता येईल' असं जिभेवर आलं होतं, पण आत्या तिच्याकडे अशा नजरेने पाहत होती की ते परत गेलं.

"आधी तळमजला करू," डॉक्टर म्हणाल्या. "जमलं तर वरचे तिन्ही. बाकी डॉक्टरांशी मी बोलते. सोमवारी सकाळी साडेसातला या. खरी गर्दी तेव्हा बघायला मिळेल. येताना तुमचं काय ते लेखी घेऊन या, सही करते."

त्या गेल्यावर तिघेही बाकावर येऊन बसले. भिंतीवरच्या घड्याळात पाचला पाच मिनिटं कमी होती.

"दादा," आत्या म्हणाली, "तू इथला पेशंट. तुझ्या नियमाप्रमाणे हे ओळखीतलं धरायचं का?"

काकांनी क्षणभर विचार केला. हातातून पैज सरळ निसटत होती, पण वाटायला हवं होतं तेवढं वाईट त्यांना वाटत नव्हतं. "माझी ओळख प्रसूतीच्या मजल्यावर आहे," ते म्हणाले. "दातांच्या बाईंना मी आज पहिल्यांदा पाहिलं. गिऱ्हाईक खरं आहे."

*

काकांनी फोन बैठकीतूनच लावला, सगळ्यांच्या देखत. बिट्टीची आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती, तिला फक्त काकांची बाजू ऐकू येत होती.

"नाही, ती येणार नाही… नाही नाही, पगाराचं काही नाही. तिला काम आहे." मग तिकडे ऐकू गेलं नसावं, किंवा काकांनाच ते पुन्हा म्हणायचं असावं. "तिला काम आहे म्हटलं."

बाहेर बाबा आबांना सगळं दुसऱ्यांदा सांगत होते, आणि प्रसूतीच्या मजल्याशी आले की काकू प्रत्येक वेळी नव्याने हसत होत्या. बिट्टी आत आली. तिने दुसरं फडकं घेतलं आणि आईशेजारी उभी राहिली.

"तुला वाईट वाटलं का?" आईने विचारलं.

"नोकरी शोधल्याचं नाही. माझ्यावर भरवसा नाही याचं वाटलं."

आईने बशी पुसली, तीच पुन्हा पुसली. "मला पगाराची काळजी नव्हती गं. तू आठ महिने त्या खोलीत होतीस. जेवायला बोलावलं की येत होतीस, जेवून परत आत. दुपारी तुझ्या दाराशी कान लावला की नुसती कळफलकाची टकटक. मला वाटलं, कारखान्यात निदान चार माणसं असतील. कोणी विचारेल, आज उशीर का झाला. कोणी हसवेल."

बिट्टीने हातातली बशी खाली ठेवली. आठ महिने तिला वाटत होतं की आई दाराबाहेर उभी राहते ती हिशेब विचारायला.

"सोमवारी येतेस माझ्याबरोबर?" तिने विचारलं. "मोजायला मला आणखी एक माणूस लागेल."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळायला नको. तेच हवंय मला."

सोमवारी सव्वासातलाच दोघी पोहोचल्या. आईला बिट्टीने मागच्या लिफ्टपाशी बसवलं आणि एक कागद दिला: चुकून आलेला प्रत्येक माणूस म्हणजे एक रेघ. पहिल्या वीस मिनिटांत आईने चौदा रेघा ओढल्या. पंधराव्या माणसाच्या वेळी मात्र तिच्याने राहवलं नाही. ती उठली आणि त्या आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचवून आली. परत आली तेव्हा हॉल भरून गेला होता, आणि तिची जागा कोणीतरी घेतली होती.

बिट्टी त्या गर्दीच्या मधोमध उभी होती. एका बाईला विचारत होती, तुम्ही आधी डावीकडे का वळलात. बाईने काहीतरी सांगितलं, शेजारच्या माणसाने त्यात भर घातली, कडेवरच्या मुलाने बिट्टीची पेन्सिल ओढली, आणि बिट्टी मान मागे टाकून हसली. आवाज हॉलभर गेला. आई हातातला कागद विसरून पाहत राहिली तिच्याकडे.

टेबलामागच्या बाईंना वाटलं, ही आणखी एक वाट चुकलेली. "ताई, कुठे जायचंय तुम्हाला?"

"कुठेच नाही," आई म्हणाली. "ती वहीवाली माझी मुलगी आहे. मी जरा इथेच थांबते."